पहाणीवर नाव कोणाचे?

गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या घरी जमिनीचा एक प्रश्न निघाला. आमचे गाव भालकी तालुक्यात, मांजरेच्या अंगाला. आमच्या बांधाला बांध लागून असलेले चार एकर काळे रान विकावयाचे आहे, असे शेजाऱ्याने कळविले. असा योग पिढीत एकदा येतो, म्हणून आम्ही तिन्ही घरांनी मिळून ते घ्यावे असे ठरले. तिन्ही घरे म्हणजे पुण्यास स्थायिक झालेले आमचे दादा, गावी राहिलेले आम्ही, आणि आमचा धाकटा भाऊ वारल्यापासून दोन लेकरांस घेऊन राहणारी आमची भावजय. तिच्या वाट्याची रक्कम म्हणजे भावाच्या विम्याचे पैसे. त्यापलीकडे तिच्यापाशी काही नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दादांचा मुलगा पुण्यास नोकरीस आहे, हुशार आहे. तो म्हणाला, "काका, रान कुणाच्याच नावावर घेऊ नका. आपण एक खाजगी कंपनी काढू. रान कंपनीचे, आणि कंपनीचे भाग आपल्या तिन्ही घरांचे. मग रानाचे तुकडे होणार नाहीत."

त्याच्या म्हणण्यात तथ्य होते, हे आधीच कबूल करतो. आमच्या आजोबांचे चोवीस एकर होते. वाटण्या होत होत आज आमच्या काही पट्ट्या इतक्या अरुंद झाल्या आहेत, की तेथे बैलजोडी वळविणेही कठीण. कंपनीचा मालक मरत नाही. माणसे येतात, जातात, भाग हातोहात फिरतात, आणि रान मात्र अखंड राहते.

काही वर्षांपूर्वी ही गोष्ट बोलण्यातही आली नसती. कर्नाटकाच्या 1961 च्या जमीन सुधारणा कायद्यात 1974 साली जी कलमे घातली गेली, त्यांनी कंपनी, न्यास, धर्मसंस्था, शिक्षणसंस्था ह्यांस शेतजमीन धारण करण्यास मनाई केली होती. बिगरशेती उत्पन्न ठराविक मर्यादेबाहेर असलेल्या माणसालाही शेत घेता येत नसे. 2015 साली ती मर्यादा वर्षाला 25 लाख रुपयांवर नेली. 2020 साली ही कलमेच वगळण्यात आली आणि कंपन्यांस वाट मोकळी झाली. नदीपलीकडे उदगीर-निलंग्याकडे मात्र 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा अद्याप चालतो. आमच्या लहानपणी आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना हे दोन मुलूख निराळे वाटतच नसत, कारण 1956 पर्यंत दोन्हीकडे एकच राज्य होते.

पुतण्या हे सारे समजावून सांगत असता आमची आई माजघराच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडीत बसली होती. तिने मान वर न करता विचारले, "पहाणीवर नाव कुणाचं लागंल रे बाळा?"

"कंपनीचं, आजी."

"आन् माझ्या सुनंचं?"

त्यावर तो काहीसा घुटमळला. "काकूंचं नाव कंपनीच्या वहीत राहील."

आईचा प्रश्न आम्हांस स्वस्थ बसू देईना. कंपनीच्या वहीतले नाव आणि पहाणीवरचे नाव ह्यांत अंतर ते किती? आम्ही बीदरच्या एका परिचित वकिलांकडे गेलो. त्यांनी दोन जुने निवाडे सांगितले. लंडनमध्ये सॅलोमन नावाचा बूट करणारा कारखानदार होता. कंपनीस सात सभासद लागत, म्हणून त्याने स्वतः, बायको आणि पाच मुले असे सात मिळवून कंपनी काढली. 1897 साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ठरविले, की घरातल्यांनीच काढलेली असली तरी कंपनी ही निराळी व्यक्ती होय. दुसरा निवाडा आपल्याकडचा, 1954 चा. मुंबईच्या श्रीमती बाचा गुझदर ह्यांचे चहामळ्यांच्या कंपन्यांत भाग होते. चहाच्या उत्पन्नातील शेकडा 60 भाग शेतीचा धरला जाई. म्हणून आपल्या लाभांशाचाही तेवढा हिस्सा शेतीचे उत्पन्न मानून करमुक्त करावा, असे त्यांचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. मळा कंपनीचा, भागधारकाचा नव्हे. त्याला मिळतो तो लाभांश, पीक नव्हे.

म्हणजे आम्ही तुरीची रास केली तर ते उत्पन्न करमुक्त, आणि तीच रास कंपनीमार्फत आमच्या घरी आली तर लाभांश म्हणून करास पात्र. शिवाय उलाढाल असो वा नसो, दरसाल हिशेबतपासनीस नेमावयाचा, विवरणपत्रे भरावयाची. ती न भरल्यामुळे 2017 साली सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली आणि त्यांची बँकखाती गोठविली. आमच्या घरात वीजबिल वेळेवर भरण्याची मारामार!

परंतु खरी गोष्ट वकिलांनी निघता निघता सांगितली. तिघांच्या नावे रान असेल, तर भावजयीच्या सहीवाचून तिचा हिस्सा कोणी विकू शकत नाही. कंपनीत मात्र मते भागांप्रमाणे मोजतात. दोन घरे एक झाली की तिसऱ्याचे काही चालत नाही. अन्याय झाला तर दाद मागता येते, पण ती बेंगळुरूच्या कंपनी न्यायाधिकरणात. वाटणीच्या दाव्याला भालकीचे कोर्ट आहे. तेथे ती सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी लेकरांच्या जेवणाला घरी येईल.

आम्ही आणि दादा तिच्यावर अन्याय करू, असे नव्हे. पण उद्या आम्ही नसू, आमची मुले असतील. धाकटा भाऊ तरी जाईल असे कोणास वाटले होते?

कंपनी वाईट असे आमचे म्हणणे नाही. कलबुर्गीस डाळीची गिरणी काढावयाची, चार परके भागीदार, बँकेचे मोठे कर्ज, अशा वेळी कंपनीच हवी. धंदा बुडाला तरी घरदार वाचते. अर्थात लहान कंपनीस कर्ज देताना बँका संचालकांचा वैयक्तिक जामीन मागतात, मग ते वाचणेही नावापुरतेच उरते.

पुतण्याला आम्ही त्या दिवशी जरा कठोर बोललो, त्याचे वाईट वाटते. तुकड्यांच्या त्याच्या प्रश्नाला आमच्यापाशी आजही उत्तर नाही. सहमालकांपैकी कोणीही वाटणी मागू शकतो, आणि चार एकरांचे तीन भाग काय होतील ते आम्हांस दिसते.

खरेदीखत तिघांच्या नावे झाले: दादा, आम्ही आणि भावजय. पुढे फेरफार होऊन पहाणी हाती आली. ती कानडीत, आईला कानडी अक्षर येत नाही. आम्ही तिला एकेक नाव वाचून दाखविले. तिसरे नाव तिने पुन्हा वाचावयास सांगितले, आणि कागद घेऊन ती स्वयंपाकघरात सुनेकडे गेली.