दोन पाऊण दीड

इंग्लंडातल्या एका मित्राने गेल्या वर्षी लिहिले होते, की आम्ही सहकुटुंब कालव्यातून आठवडाभर होडीने हिंडलो. होडी अरुंद, आगगाडीच्या डब्यासारखी लांब. वेग ताशी जास्तीत जास्त ४ मैल, त्याहून जोराने जायला कायद्यानेच बंदी! ते वाचून मी तडक सौ.ला म्हणालो, "याला म्हणतात सुटी!" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दाराशी खाडी आहे. तिच्यात कधी बसलात होडीत?"

बाणासारखा लागला हो तो प्रश्न! आम्ही नायगावचे. १८६४ साली इथून आगगाडी मुंबईला जाऊ लागली, तेव्हापासून आमच्यासारख्यांनी वसईची खाडी पाहिली ती पुलावरून, आणि तीही दुसऱ्याच्या खांद्यावरून. आमच्या अण्णांनी तर चर्चगेटच्या कचेरीत ३५ वर्षे काढली. रोज दोनदा खाडी ओलांडली. पाण्याला बोट म्हणून लागले नाही.

होडीचे ठरले ते खरे अण्णांसाठीच. आई गेल्यापासून त्यांचे विसरणे वाढत चालले होते. आधी चष्मा, मग औषधे, मग माणसे. पावसाळ्यात एकदा ते पिशवी घेऊन बाहेर पडले आणि रात्री नऊला भाईंदरच्या फलाटावर सापडले. "आपलं स्टेशन आलंच नाही," एवढेच म्हणाले. डॉक्टरांनी त्या दुखण्याला एक लांबलचक नाव दिले. मराठीचा प्राध्यापक असूनही त्याला प्रतिशब्द शोधावा असे मला वाटले नाही.

तर पौषातल्या एका रविवारी सकाळी ठीक सातला आम्ही धक्क्यावर हजर! सौ.च्या पिशवीत थालीपिठे आणि चहाचा थर्मास, चिरंजिवांच्या हातात फोन, माझ्या हातात कार्यक्रमपत्रिका : सातला प्रस्थान, पाणजू बेट उजव्या हाताला ठेवून पुलाखालून वर घोडबंदरच्या बाजूला, बाराला घरी जेवण.

पाहतो तो खाडी जागेवर नाही! चिखलच चिखल. त्यात होड्या कुशीवर कलून निजलेल्या, आणि भोवती बगळे मिरवताहेत. या खाडीला सरकारने २०१६ साली राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ मध्ये धरले आहे म्हणतात; त्या घटकेला जलमार्गातले जल तेवढे रजेवर होते. मित्राच्या कालव्यातले पाणी दरवाजे लावून कोंडलेले, ते जाणार कुठे? आमचे समुद्राला बांधील.

नाखवा जाळे सांधत बसला होता. मी जरा आवाज चढवूनच म्हटले, "सातची वेळ ठरली होती ना?" तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही सात म्हणालात, मी हो म्हणालो. पाण्याला कोणी विचारलं?"

मी परतायला निघालो. तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला, "आज तिथी कोणती?"

तारीख सगळ्यांना ठाऊक, तिथी कोणाला? सौ. म्हणाली, "वद्य द्वितीया. सकाळीच कालनिर्णयात पाहिली."

अण्णांनी डोळे मिटले. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरू लागला. "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड. दीडला पूर्ण भरती."

नाखव्याने जाळे खाली ठेवले. "बरोबर बोलले बाबा. दहापर्यंत होडी तरंगेल."

चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढी मागे सरते. म्हणून तिथीची पाऊणपट केली की या किनाऱ्यावर भरतीची वेळ ढोबळमानाने हाती येते. हे मी मागाहून वाचले. अण्णांना ते कोणी शिकवले, कोण जाणे! पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे मात्र त्यांच्या शाळेतले. माझ्या पिढीने ते सोडले आणि मी वर्गात त्यांचा उल्लेख 'गतकालीन शिक्षणपद्धती' म्हणून करतो.

तीन तास आम्ही धक्क्यावर बसलो. थालीपिठे संपली. चिरंजिवांनी फोन खिशात घातला आणि आजोबांना विचारून विचारून पाऊणकी घोकली. "पाच पाऊण?" "पावणेचार." अण्णा एकदाही चुकले नाहीत. मधेच त्यांनी "ही कुठे राहिली?" असे विचारले. सौ.ने त्यांना चहा दिला.

पाणी आले ते गाजावाजा न करता. आधी तिवरांच्या मुळांत चकाकले, मग होडीखाली सरकले. होडी हळूच सरळ झाली. नाखव्याने अण्णांना हात देऊन पुढच्या फळीवर बसवले आणि आम्ही निघालो. भरतीच नेत होती. इंजिन नुसते पुटपुटत होते.

पुलाजवळ येताच नाखवा वर पाहू लागला. गाडीतले भाविक निर्माल्य, नारळ खाली भिरकावतात, त्यांचे पुण्य होडीवाल्यांच्या डोक्यावर पडते. एवढ्यात चर्चगेटकडे जाणारी लोकल डोक्यावरून धडधडत गेली. अण्णा मान वर करून शेवटचा डबा जाईपर्यंत पाहत राहिले.

"गेली," ते म्हणाले. "जाऊ दे."

मग माझ्याकडे वळले आणि मला माझ्या धाकट्या काकांच्या नावाने हाक मारून म्हणाले, "पाण्यात हात घालू नकोस रे."

मी हात आत घेतला.