क्षयरोग्याच्या चिठ्ठीवर शिधाही हवा

या रोगाला आपल्या भाषेने ‘क्षय’ म्हटले ते झिजत जाणारा देह पाहून. रॉबर्ट कॉखने १८८२ साली जंतू दाखवला, पण झीज त्याआधी कित्येक शतके लोकांच्या डोळ्यांसमोर होती. पुढे स्ट्रेप्टोमायसिन, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन अशी एकेक औषधे हाती आली, तशी आम्हा डॉक्टरांची नजर जंतूवर खिळली आणि देह मागे पडला. आजही सहा महिन्यांच्या गोळ्या वजनाचा हिशेब करून काटेकोर लिहिल्या जातात. खाण्याबद्दल मात्र ‘सकस आहार घ्या’ एवढे तोंडी सांगून आम्ही मोकळे होतो. ज्या घरात डाळ रोज शिजत नाही, तिथे हा सल्ला पाळायचा कसा? कुपोषित क्षयरोग्याला आणि त्याच्या घरच्यांना मिळणारा शिधा हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ते केवळ कळवळ्यातून आलेले नाही. त्यामागे भारतातच झालेल्या एका मोठ्या चाचणीचा पुरावा आहे.

झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी ‘रेशन्स’ नावाची चाचणी केली. फुप्फुसाचा क्षय झालेल्या २,८०० रुग्णांच्या घरांतले १०,३४५ निकट सहवासित तिच्यात होते. सगळ्या रुग्णांना औषधांबरोबर शिधा मिळाला. घरच्यांना तो द्यायचा की नाही, हे मात्र क्षयरोग पथकांची यादृच्छिक विभागणी करून ठरवले. ज्यांना तो मिळाला त्यांच्यासाठी माणशी रोज ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने जास्तीची पडतील इतके धान्य-डाळ, शिवाय सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या, एवढाच हा ‘उपचार’ होता. २०२३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर जंतू सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी. साधारण ३० कुटुंबांना शिधा दिला की एक नवा रुग्ण टळतो, असा त्यातून हिशेब निघतो. याचे कारण शरीरशास्त्रात आहे. जंतू शरीरात शिरला तरी बहुतेकांत पेशींची प्रतिकारशक्ती त्याला कोंडून ठेवते. उपासमारीत हा पहारा ढिला पडतो आणि कोंडलेला जंतू उठतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप आपल्याच देशातल्या एका थोर अभ्यासाचा आहे. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या चाचणीत काही रुग्णांवर सॅनेटोरियममध्ये, तर काहींवर त्यांच्या गरीब घरांत उपचार झाले. घरी उपचार घेणाऱ्या रुग्णांचा आहार निकृष्ट होता, विश्रांतीही कमी होती. तरी नेमाने औषधे घेतल्यावर दोन्हीकडे बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच आले. त्या निष्कर्षाने जगभरच्या गरिबांना सॅनेटोरियमच्या सक्तीतून सोडवले. पण त्याच बळावर ‘आहाराला महत्त्व नाही’ हे सूत्रही रुजले, आणि ते त्या चाचणीतून निघत नाही. उपचार घरी करावा की सॅनेटोरियममध्ये, हा तिचा प्रश्न होता. रुग्ण कुठेही असो, दोन्ही गटांतली बायकामुले आपापल्या घरी तेच अपुरे जेवण जेवत होती. त्यांना पोटभर दिले असते तर क्षय टळला असता का, याचे उत्तर तिथे मिळणे शक्यच नव्हते. ते शोधायला पुढची साठ वर्षे जावी लागली, ही आमच्या शास्त्राने मान खाली घालावी अशी गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप रास्त आहे. झारखंडच्या चाचणीत रुग्णांमध्ये शिध्याविना असा तुलनेचा गट नव्हता. कारण उघड आहे: पाचांतले चारहून अधिक रुग्ण कुपोषित असताना काहींना मुद्दाम उपाशी ठेवणे अनैतिक ठरले असते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला, पण ज्यांचा आजार सौम्य त्यांचेच वजन लवकर वाढते, असेही कोणी म्हणू शकेल. म्हणून रुग्णांबाबतचा पुरावा मी सहवासितांच्या पुराव्याइतका पक्का मानत नाही. मात्र कृतीसाठी तो पुरेसा आहे, कारण चुकून एखाद्याला जास्तीची डाळ दिल्याने होणारे नुकसान नगण्य आहे. झारखंडचे निष्कर्ष सधन घरांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत, हेही मान्य. पण मेळघाट, नंदुरबारमधल्या कुपोषणाच्या बातम्या दरवर्षी वाचणाऱ्या महाराष्ट्राला तो प्रदेश परका वाटू नये.

सरकारनेही ही दिशा धरली आहे. २०१८पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये येत. नोव्हेंबर २०२४पासून ते १,००० झाले. निक्षय मित्रांच्या शिध्यात कुटुंबीयांनाही सामावून घेण्याचे ठरले. हे स्वागतार्हच आहे. पण निक्षय मित्र म्हणजे दाते, आणि दात्याची सवड रोगाचे वेळापत्रक पाळत नाही. रिफाम्पिसिनची गोळी आपण देणगीवर सोडत नाही; मग तूरडाळ का सोडावी? निदान होईल त्या दिवशी वजन व उंची नोंदवावी, घरातल्या प्रत्येकाचे वजन घ्यावे, आणि जो कमी भरेल त्याचा शिधा गोळ्यांबरोबरच चिठ्ठीवर लिहावा. तो ज्या आठवड्यात पोहोचला नाही, त्या आठवड्यात उपचार खंडित झाला अशीच नोंद व्हावी.