दीड लाखाच्या आधीचे ऐंशी हजार

2017 च्या जूनमध्ये मी बी.कॉम. आटोपून मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आलो होतो. पुणतांब्यातून 1 जूनला शेतकरी संपाची ठिणगी पडली होती. 11 जूनला मुंबईत चंद्रकांत पाटलांच्या मंत्रिगटाची शेतकऱ्यांच्या सुकाणू समितीशी बैठक झाली. कर्जमाफी तत्त्वतः आणि निकषांसह मान्य झाली. 24 जूनला आकडाही आला, 34,022 कोटी. पारावर सगळे म्हणाले, सुटलो बापा!

मग लोक पासबुकं घेऊन माझ्याकडे येऊ लागले, कारण पोरगा कॉमर्सचा. मी शासन निर्णय वाचायला बसलो आणि डोकं गरगरायला लागलं. कर्ज 30 जून 2016 ला थकीत हवं. माफी दीड लाखापर्यंत, तीही कुटुंबाला. नियमित भरणाऱ्याला 25 टक्के, पण फार तर 25 हजार. ऐन निंदणाच्या दिवसांत नवरा-बायको दोघांनी सेवा केंद्रावर रांग लावायची. काकूंची बोटं झिजलेली, मशीन अंगठा घेईना. ऑपरेटर ओल्या फडक्यानं बोट पुसून पुन्हा दाबायला लावायचा, पुन्हा लाल दिवा.

काकांची थकबाकी व्याजासह 2 लाख 30 हजार. दीड लाख माफ होणार, पण वरचे 80 हजार आधी भरले तरच. याला एकवेळ समझोता म्हणत. मी हिशेब मांडला. सोयाबीनचा हमीभाव 3,050 रुपये धरला, तरी 26 क्विंटल लागतात. कोरडवाहूत एकरी सहा-सात क्विंटल पिकतं. म्हणजे चार एकरांचं अख्खं पीक, बी-खत-मजुरी न वजा करता. बाजारात तर हमीभावही मिळत नव्हता. काका एवढंच म्हणाले, "पैसे असते त थकलो असतो काय?"

त्याच सुमारास मी ग्रीसबद्दल वाचलं आणि चरकलो. 2015 च्या जुलैत तिथले लोक एटीएमसमोर रांगा लावून दिवसाला 60 युरो काढत होते. 5 जुलैच्या सार्वमतात 61 टक्के लोकांनी कर्ज देणाऱ्यांच्या अटी धुडकावल्या. आठवडाभरात, 13 जुलैला, त्यांच्या सरकारला करवाढ, पेन्शनमधले बदल, सरकारी मालमत्तांची विक्री असं सगळं कबूल करावं लागलं. तेव्हा कुठे 86 अब्ज युरोंपर्यंतच्या मदतीचं दार उघडलं. देश केवढा, आमचं गाव केवढं. पण जो सगळ्यात खोल बुडाला त्यालाच आधी काहीतरी काढून द्यायला लावायचं, ही रीत दोन्हीकडे तीच. मला ती तेव्हाही अन्यायाची वाटली, आजही वाटते.

काकांना 80 हजार जमले नाहीत. मुदत वाढत गेली, व्याजही वाढत गेलं. 2019 च्या डिसेंबरात महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना आली. मर्यादा 2 लाख, वरचं भरायची अट नाही. मी धावत यादी बघायला गेलो. थकबाकी 2 लाखांच्या वर असेल तर खातं पात्रच नव्हतं.

कर्जमाफीच्या पुढच्या वाटाघाटीला जे बसतील त्यांना माझं एवढंच मागणं आहे: माफीची मर्यादा व्याजासहच्या थकबाकीवर नको, मुद्दलावर ठरवा. काकांचं मुद्दल 1 लाख 40 हजार होतं.