लक्ष्मीबाई नगरात आठवतो डलहौसी

दिल्लीला गेलात की 'दिल्ली हाट'मध्ये खरेदी होतेच. पुढच्या वेळी पिशव्या सांभाळत जवळच्या लक्ष्मीबाई नगरातही एक चक्कर मारा. हे काही पर्यटनस्थळ नाही, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची ही वसाहत. पण पाटीवरचं नाव वाचून मराठी माणसाची पावलं थबकतात.

माहेरच्या तांबे असलेल्या लक्ष्मीबाई झाशीच्या नेवाळकरांच्या घरात आल्या. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव गेले. मृत्यूशय्येवर त्यांनी दामोदररावांना दत्तक घेतलं होतं. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने ते दत्तक नामंजूर केलं आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली.

कोण होता हा डलहौसी? स्कॉटलंडमधल्या उमराव घराण्यात १८१२ साली जन्मलेला, ब्रिटिश संसदेत गाजलेला आणि वयाच्या ३५व्या वर्षी हिंदुस्थानचा कारभार हाती आलेला राजकारणी. १८४८ मध्ये त्याने सातारा घेतलं, १८५४ मध्ये नागपूर. मात्र मुंबई-ठाणे रेल्वे आणि अर्ध्या आण्यात देशभर जाणारं पत्र हेही त्याच्याच काळातलं, हे विसरून चालणार नाही.

गंमत पुढेच आहे. या वसाहतीतला नळ गळला, भिंतीला ओल आली की तक्रार जाते सीपीडब्ल्यूडीकडे. हा विभाग आपला जन्म मोजतो १८५४ पासून, डलहौसीने सार्वजनिक बांधकामासाठी वेगळी यंत्रणा उभी केली तेव्हापासून. म्हणजे झाशी गेली तेच वर्ष! राणीच्या नावाच्या घरांची देखभाल डलहौसीने सुरू केलेलं खातं करतं.

आणि त्याचं स्वतःचं काय झालं? १८४९ मध्ये त्याला 'मार्क्विस' हा मोठा किताब मिळाला. पण त्याला दोन मुलीच होत्या. किताब मुलाकडेच जाणार आणि दत्तकाला तिथे वारसा नाही. १८६० मध्ये, ४८व्या वर्षी तो गेला आणि वारसाअभावी तो किताबही संपला. जो नियम त्याने झाशीला लावला, तसाच काहीसा त्याच्याही दारी आला.

दिल्लीतल्या डलहौसी रोडचं नाव २०१७ मध्ये बदलून दारा शिकोह रोड झालं. लक्ष्मीबाई नगर मात्र रोज शेकडो पत्त्यांवर लिहिलं जातं. मुलांना इथे आणाल तेव्हा राणीची तलवार सांगाच, पण त्याआधी नाकारलेल्या त्या दत्तकाची गोष्टही सांगा. लढाई तिथूनच सुरू झाली होती.