पत्र्यांचा मुलूख

कशेळीचा खाडीपूल ओलांडला की ठाणं मागं पडतं आणि पत्र्यांचा मुलूख सुरू होतो. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली. गावं तीच, पण पाट्यांवर आता गोदामांच्या कंपाउंडांची नावं. पत्ता विचारला तर कुणी देवळाची खूण सांगत नाही. ‘गाळा नंबर काय?’ असा उलटा सवाल येतो. मुंबईत कुणी रात्री मोबाइलवरून मागवलेला मिक्सर अशाच एखाद्या गाळ्यातून निघालेला असतो, पण खोक्यावर गावाचं नाव कोण वाचतो!

भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमागांची खडखड आठवते. ती शहरात. आजूबाजूच्या गावांचं नशीब वेगळ्याच गोष्टीनं फिरवलं, जकातीनं. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरायची. मग हद्दीबाहेर पण आग्रा रोडला लागून माल थांबवायला यापेक्षा सोयीची जागा कुठली? भातखाचरांवर भराव पडले, शेड उभ्या राहिल्या. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, आणि गोदामं मात्र वाढतच राहिली. न्हावा-शेवा बंदर एका बाजूला, नाशिक महामार्ग दुसऱ्या बाजूला, मधे मुंबईचं गिऱ्हाईक. गोदामांना आता जकातीची गरज उरली नव्हती.

शेती गेली म्हणून गळा काढणं मला जमत नाही. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत बांध घालून भात पिकवायचा, उधाणात बांध फुटला की पुन्हा चिखल उपसायचा. ज्या आगरी-कुणबी घरांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्यांना दरमहा भाडं नको म्हणायला सांगणारे आपण कोण? शिवाय जमीन भाड्यानं दिली तर सातबारा आपल्याच नावावर राहतो, हे इथल्या अनेकांना नीट कळलेलं आहे. हरला तो सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस. लावणीला, कापणीला येणारा कातकरी मजूर. भात निघाल्यावर ओलीवर वाल पेरून चार शेंगा विकणारी बाई.

आणि हरलं पाणी. खाचर पावसाळ्यात चार महिने पाणी धरून ठेवायचं, सावकाश जिरवायचं. त्याच्या जागी काँक्रीट आणि वर पत्रा. या पट्ट्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एक लाख चौरस फुटांच्या एका छतावरून सव्वादोन कोटी लिटरच्या वर पाणी वाहून जातं. ते पाणी भरावामुळं बुजलेल्या नाल्यात जातं, तिथून रस्त्यावर, तिथून जुन्या गावठाणातल्या घरांत, कारण भराव घातलेली गोदामं उंचावर आणि गाव आता खड्ड्यात. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची वेळ येते ती याच पावसाच्या मुलखात. शहरातून वाहणारी कामवारी नदी तर पावसाळा सोडला तर सांडपाण्यावरच जगते.

भिवंडी परिसरातल्या 60 गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. पण दारातल्या गोष्टी, म्हणजे गटार कुठून जाईल, नाला कुणी बुजवला, कंटेनर शाळेच्या गेटसमोर का उभा, या ग्रामपंचायतीच्याच गळ्यात पडतात. भातशेतीच्या गावासाठी बसवलेली ती यंत्रणा. तिच्यापुढं आता रसायनांचे पिंप ठेवलेला गाळा येतो आणि त्याला आग लागली की बंब येतो शहरातून, ट्रॅफिकमधून वाट काढत.

शाश्वत विकासाच्या परिषदांत याला मोठी उत्तरं मिळतील. मला एक बारकं सुचतं. प्रत्येक गाळ्याचा भाडेकरार होतो. त्यात वॉचमनचं कलम असतं, पार्किंगचं असतं, दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढायचं तेही असतं. छतावरचं पाणी शोषखड्ड्यात सोडायचं आणि नाला मोकळा ठेवायचा, एवढं आणखी एक कलम घालायला वकील तोच, स्टॅम्पपेपर तोच. जागामालक गावचाच, आणि पाणी शिरतं तेही त्याच्याच भाऊबंदांच्या घरात.