तक्त्यातली खालची ओळ

ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा असलेला भारतीय सीमा ओलांडून आलेल्यांबद्दल क्वचितच बरं बोलतो. मीही त्यातलाच. एच-वन-बीवर आलो, कर भरले, मुदतवाढीचे कागद करत राहिलो आणि दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडून ईबी-टू या नोकरीवाल्यांच्या गटात भारताची तारीख किती सरकली ते पाहत आलो. आम्ही नियमाने उभे आणि हे मागच्या दाराने आत, हा राग न्यू जर्सीतल्या दिवाळीच्या जेवणांत मी चारचौघांत बोलून दाखवला आहे. एकट्या आलेल्या मुलांचा विषय निघाला की जास्तच. "आईबापच पाठवतात, मग मागून स्वतः येतात," हे माझं ठरलेलं वाक्य.

ओळखीच्या एका वकीलबाईंना हिंदी दुभाष्या हवा होता. भिडेखातर गेलो. क्वीन्समध्ये मावसभावाकडे राहणारा एक पंजाबी मुलगा, मिसरूड नुकतंच फुटलेलं. 1990च्या कायद्याने सुरू झालेल्या तरतुदीनुसार, आई किंवा वडिलांनी छळलं, हेळसांड केली किंवा टाकून दिलं असं कोर्टाने ठरवलं, तर अशा 21 वर्षांखालच्या मुलाला इथे राहण्यासाठी अर्ज करता येतो. त्याच्या प्रतिज्ञापत्राचं काम होतं. मारहाणीचं त्याने सपाट आवाजात सांगितलं. वडिलांशी शेवटचं कधी बोललास, असं विचारल्यावर फोन काढून अंगठ्याने वर सरकवत बराच वेळ शोधत राहिला. मी दुभाष्या म्हणून बसलो होतो, पण खरं तर त्याचं खोटं पकडायच्या मागे होतो.

निघताना बाईंना माझं ठरलेलं वाक्य ऐकवलं. त्या म्हणाल्या, या मार्गाने ग्रीन कार्ड मिळालं, पुढे नागरिकत्वही मिळालं, तरी या मुलांना आईवडिलांना बोलावता येत नाही. कधीच नाही. कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. इतकी वर्षं छातीठोकपणे बोलत होतो आणि ते वाचायची तसदीही घेतली नव्हती.

तरी मी बदललो तो तेव्हा नाही. अर्ज मंजूर झाल्यावर तो मुलगा पुन्हा भेटला. त्याच्या फोनवर एक चित्र होतं : व्हिसा बुलेटिनचा तक्ता, माझाच, त्यातल्या ईबी-फोरच्या, म्हणजे अशा मुलांच्या गटाच्या, ओळीभोवती बोटाने काढलेलं वेडंवाकडं लाल वर्तुळ. "अंकल, आपकी डेट कब की है?" त्याने विचारलं. मी सांगितली. त्याने मान हलवली, आमच्या ऑफिसातले लोक हलवतात तशीच. ज्या पानावर मी वर्षानुवर्षं डोळे लावून बसलो, त्याच पानावर थोडं खाली हा उभा होता आणि मला तो कधी दिसला नव्हता. ईबी-फोरमध्ये वर्षाला साधारण 10 हजार व्हिसा. एप्रिल 2023मध्ये मध्य अमेरिकेतल्या मुलांची वेगळी रांग सर्वांच्या रांगेत मिसळली आणि तारीख 2018पर्यंत मागे गेली. 2025च्या आर्थिक वर्षाचा कोटा तर फेब्रुवारीअखेरच संपला.

याच रांगेत आमच्या देवळाचे गुरुजीही होते, कारण धर्मसेवकांची सोयही ईबी-फोरमध्येच. त्यांच्यासाठी मी सह्या गोळा केल्या होत्या, पत्रं लिहिली होती. गुरुजी ‘अडकलेले’ आणि ही पोरं ‘घुसलेली’!

ताटकळणाऱ्या अशा मुलांना 2022पासून चार वर्षं हद्दपारीपासून संरक्षण आणि कामाचा परवाना मिळू लागला होता. 6 जून 2025 रोजी सरकारने ते धोरण मागे घेतलं. त्याविरुद्ध दावा दाखल झाला. या मुलाचा अर्ज मंजूर झाला तो त्या जूननंतर. म्हणजे तेव्हा त्याच्यावर अन्याय झाला हे सरकारला मान्य होतं, आणि त्याला परत पाठवायलाही सरकार मोकळं होतं. या मार्गात कोणी लबाडी करतच नसेल, असं मी आजही म्हणणार नाही. पण लबाडी अर्ज तपासताना पकडायची असते. मंजूर झालेल्या पोराला उघड्यावर ठेवून ती कशी पकडली जाणार?

एक गोष्ट मात्र बायकोलाही सांगितलेली नाही. ईबी-फोरमधले न वापरलेले व्हिसा आधी ईबी-वनला आणि तिथूनही उरले तर ईबी-टूला मिळू शकतात. धोरण रद्द झाल्याची बातमी वाचली त्या रात्री, ही पोरं रांगेतून गळली तर आपल्यापर्यंत काही पोचेल का, हा हिशोब मी करून पाहिला होता. मागची रांग एवढी लांब आहे की एकही उरणार नाही, असं उत्तर आलं. आणि ते पाहून मी क्षणभर हिरमुसलो होतो.