गाडी धुण्याचा क्रम

मैत्रिणींनो, आधी फरशी पुसून मग जाळी काढणारी बाई आपल्यात सापडायची नाही. जाळी, मग झाडू, मग पोछा, हा क्रम लहानपणीच अंगवळणी पडलेला असतो. गाडीला मात्र आपण सगळेच सरळ ओलं फडकं मारतो.

आमची गाडी ११ वर्षांची, गडद निळी. ती नेहमी हेच धुवायचे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर यांना वाकता येईना, म्हणून महिन्यावर एक माणूस ठेवला. तो एकाच फडक्याने चाकापासून बॉनेटपर्यंत सगळं पुसायचा. चार महिन्यांत उन्हात बघितलं की रंगावर गोल गोल बारीक ओरखडे दिसायला लागले. हे काही बोलले नाहीत, नुसता त्यावरून अंगठा फिरवला. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आता विकूनच टाका ना, बाबांना कुठे चालवायचीय?" त्या दिवशी यांचं जेवण नीट गेलं नाही. मी ठरवलं, गाडी घरीच धुवायची. हे सांगतील आणि जमेल तेवढं करतील, उरलेलं मी करेन.

दोन-चार वेळा केल्यावर लक्षात आलं की साऱ्या पायऱ्यांमागे एकच हिशोब आहे. धूळ नेहमी अजून न पुसलेल्या भागाकडे जायला हवी, आणि कोरडी धूळ कापडाखाली रगडली जाता कामा नये. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. आमच्या सांगलीकडची धूळ कापडात अडकली की ते कापड घासकागदाचंच काम करतं.

पहिली पायरी, गाडी सावलीत आणि इंजिन थंड असताना चारही दारं उघडून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवायची. पायपुसण्या काढून हलक्या हाताने झटकायच्या. दाराच्या फटीत, डिकीच्या रबराखाली मुंग्या आणि कोळी असतात. मऊ ब्रशने त्यांना अलगद बाहेर काढायचं. पाणी त्यानंतर. आपल्याला हे कुणी शिकवायला नको.

दुसरी पायरी आतली सफाई. आतली धूळ दारातूनच बाहेर पडते, म्हणून आत आधी आणि बाहेर नंतर. एसीच्या जाळ्या आणि डॅशबोर्ड कोरड्या ब्रशने झाडायचे, मग सीट, शेवटी खालचा गालिचा व्हॅक्यूमने. त्यानंतर ओलसर, घट्ट पिळलेलं कापड. काचा आत्ता नाहीत, त्या सर्वात शेवटी.

तिसरी पायरी चाकं. बाहेरच्या भागात ती पहिली घ्यायची, कारण त्यांवर ब्रेकची लोखंडी भुकटी चिकटलेली असते आणि घासताना ती अंगावर उडते. चाकांची बादली, ब्रश आणि फडकं वेगळं. ते फडकं परत गाडीच्या अंगाला लावायचं नाही.

चौथी पायरी, कापड न लावता नुसतं पाणी. टपापासून खाली ओतत यायचं, सुटी धूळ निघून जाते. पक्ष्याची विष्ठा वाळलेली असेल तर खरवडायची नाही. ओलं कापड पाचेक मिनिटं ठेवलं की ती आपोआप सुटते.

पाचवी पायरी खरी धुलाई. बादल्या दोन हव्यात, एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी आणि दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत. हात सरळ रेषेत फिरवायचा, गोल नाही. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि सर्वात शेवटी दारांचा तळ व बंपर. भांड्यांचा साबण नको, त्याने आधी लावलेलं मेण उतरतं. मग खळबळून लगेच मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने टिपून घ्यायचं. बोअरचं पाणी अंगावर वाळलं की क्षारांचे पांढरे डाग बसतात.

पाणी मी इथेही दुहेरी कापडातून गाळून घेते आणि बादल्या झाकून ठेवते. गाळण्यात रेतीचे कणही अडकतात, ते गाडीच्या अंगाला लागत नाहीत. आमच्या नळीखाली १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरते. म्हणजे नळी दहा मिनिटं सोडली तर १०० लिटर गेले. बादल्यांनी धुतलं की चाकांसकट ६० लिटरमध्ये भागतं. वाणिज्य शाखेचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा!

पुढच्या तीन पायऱ्या दर वेळी करायच्या नसतात. धुतल्यावर बोटांवर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवून रंगावरून हात फिरवा. खरखरीत लागलं तर क्ले बार, म्हणजे मळलेल्या कणकेसारखा गोळा, भरपूर ओलावा ठेवून हलकेच फिरवायचा. त्यानंतर पॉलिश. पॉलिश तो पारदर्शक थर थोडा झिजवतं आणि तेवढेच ओरखडे कमी दिसतात, म्हणून ते क्वचितच. शेवटी मेण, कारण मेण आधी लावलं तर पॉलिश ते काढून टाकणार.

इथे दोन गोष्टी बघून घ्या. अंग पुसायला दुकानात मिळणारी खरी शॅमी चामड्याची असते. कृत्रिम मागा, नाहीतर मायक्रोफायबर पुरे. दुसरं मेण. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, म्हणजे वनस्पतीचं. पण काही डब्यांत त्यासोबत मधमाश्यांचं मेण मिसळलेलं असतं. मध न खाणाऱ्या घरात तेही नको, म्हणून डब्यावरचं वाचून घ्या आणि लिहिलेलं नसेल तर विचारा.

सगळ्यात शेवटी काचा, आतून आणि बाहेरून. मेणाचा आणि ओल्या हातांचा जो काही धूर काचेवर बसतो, तो तेव्हाच एकदम निघतो.

या क्रमाने आमची कामं आपसूक वाटली गेली. टप, काचा आणि बॉनेट उभ्याने होतात, ते यांचे. डॅशबोर्ड सीटवर बसून होतो, तोही यांचा. चाकं, दारांचा तळ आणि बंपर माझे. हे टपावरून हात काढतात तेव्हा खालचा भाग माझ्यासाठी तयार असतो. कुणी कुणाच्या मध्ये येत नाही. ओरखडे पूर्ण गेलेले नाहीत, पण नवे पडलेले नाहीत. विकण्याचा विषय मुलाने परत काढलेला नाही. मागच्या महिन्यात हे स्वतः बाजारात जाऊन दुसरा हातमोजा घेऊन आले, माझ्या मापाचा.